न्यूयॉर्कचा डाव आणि देशी प्यादं

२२ मार्च १९२४ ला न्यूयॉर्कच्या अलामॅक हॉटेलात एक डाव झाला. पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसला होता रिचर्ड रेटी, चेकोस्लोव्हाकियाचा. समोर काळ्या सोंगट्यांवर होसे राउल कापाब्लांका, क्यूबाचा, १९२१ पासूनचा जगज्जेता. कापाब्लांका शेवटचा हरला होता फेब्रुवारी १९१६ मध्ये, ऑस्कर चाजेसकडून. त्यानंतर आठ वर्षांत एकही हार नाही! लोक त्याला 'बुद्धिबळाचं यंत्र' म्हणायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर १००% अपटाइम असलेला सर्व्हर.

त्या दिवशी तो सर्व्हर एकतिसाव्या चालीला बंद पडला.

या डावावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय. मग मराठीत, तेही परभणीच्या माणसाने, कशाला लिहायचं? कारण गेल्या शनिवारी हा डाव लॅपटॉपवर मांडून चालीमागून चाली बघत होतो आणि एक गोष्ट लक्षात आली, जी मला कुठे वाचल्याचं आठवत नाही. ती सांगण्यासाठी हा प्रपंच. (बुद्धिबळ येत नसेल तरी वाचा. फक्त सोंगट्यांची नावं माहीत असली की पुरे.)

आधी थोडी पार्श्वभूमी.

त्या काळी शहाण्या माणसाने डाव सुरू करायचा तो राजाचं किंवा वजिराचं प्यादं दोन घरं पुढे ढकलून. पटाच्या मधली चार घरं ताब्यात घ्यायची, मग मोहरे बाहेर काढायचे, हे शास्त्र. रेटी आणि त्याच्या वयाचे काही लोक (निम्झोविच, टार्टाकोवर, ग्रुनफेल्ड वगैरे) म्हणायला लागले की मधली घरं आपल्या प्याद्यांनी भरायची काही गरज नाही. बाजूची प्यादी जरा सरकवा, उंट कोपऱ्यातल्या लांब तिरक्या रेषेवर बसवा आणि तिथून मध्यावर नजर ठेवा. समोरच्याला मध्य भरू दे, मग तोच मध्य लांबून फोडा. या पंथाला 'हायपरमॉडर्न' असं नाव पडलं. जुने लोक याला पोरकटपणा म्हणायचे.

आता त्या डावाच्या पहिल्या नऊ चाली बघा. डावीकडे रेटी, उजवीकडे कापाब्लांका. (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८.)

१. घोडा एफ३ – घोडा एफ६
२. प्यादं सी४ – प्यादं जी६
३. प्यादं बी४ – उंट जी७
४. उंट बी२ – कॅसलिंग
५. प्यादं जी३ – प्यादं बी६
६. उंट जी२ – उंट बी७
७. कॅसलिंग – प्यादं डी६
८. प्यादं डी३ – बी८ चा घोडा डी७
९. बी१ चा घोडा डी२ – प्यादं ई५

पांढऱ्याची नववी चाल झाली की थांबा आणि पट नीट बघा. पटाच्या मधोमध आडवा आरसा धरल्यासारखं चित्र दिसतं. दोघांचे राजे कॅसलिंग करून त्याच जागी, वजीर, हत्ती आणि घोडे समोरासमोर, आणि चारही उंट आपापल्या कोपऱ्याजवळ. सोळाच्या सोळा मोहरे तंतोतंत प्रतिबिंब. फरक फक्त दोन प्याद्यांचा. पांढऱ्याची बी आणि सी ओळीतली प्यादी चौथ्या घरात आहेत. काळ्याचं बी प्यादं एक घर सरकलंय आणि सी प्यादं अजून घरीच आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी बगलेतून उघडलेला, जवळजवळ पूर्ण सममित डाव.

आता ती गोष्ट. काळ्याच्या पहिल्या आठ चालींत प्यादी तीनदा हललीत: जी६, बी६, डी६. तिन्ही वेळा एकेकच घर. दोन घरांची उडी पहिल्यांदा येते नवव्या चालीला, ई५.

हे वाचून ज्यांच्या घरात जुन्या पद्धतीने बुद्धिबळ खेळलं जायचं त्यांना एव्हाना कळलं असेल मी कुठे चाललोय.

आमच्याकडे परभणीला आजोबांनी मला जो खेळ शिकवला त्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जायचं. शाळेतून 'दोन घरं' शिकून आलो तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "अरे बापू, प्यादं म्हणजे पायी चालणारा शिपाई. ते उड्या कशाला मारीन?" कॅसलिंगही नव्हतं. त्याऐवजी राजाला, शह बसायच्या आधी, डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं तर हवा तो मोहरा मागायचा नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मिळणार. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. लई हिशोबी खेळ होता तो.

हे आमच्या घरचं खूळ नव्हतं. एच. जे. आर. मरे या इंग्रज अभ्यासकाचा बुद्धिबळाचा जाडजूड इतिहास १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिंदुस्थानातल्या खेळाचे प्रांतोप्रांतीचे प्रकार दिलेत आणि एका घराचं प्यादं, राजाची घोडउडी, घराप्रमाणे बढती हे सगळं त्यात आहे. काही ठिकाणी तर दोघं खेळाडू सुरुवातीला आपापल्या अर्ध्या पटात एकदम काही चाली मांडून घेत आणि मग खरी लढाई सुरू होई. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इकडच्या खेळात शह, मात, वजीर, प्यादं हे सगळे फारसी शब्द आणि नियम मात्र अस्सल देशी, अशी मिसळ होती.

या नियमांचा परिणाम काय होतो ते प्रोग्रामिंगवाल्यांना पटकन कळेल. एक अट बदलली की सगळ्या प्रोग्रामची चाल बदलते. प्यादं एकच घर जाणार असेल तर मधली घरं पहिल्या दणक्यात काबीज करता येत नाहीत. राजाचं प्यादं चौथ्या घरात न्यायलाच दोन चाली लागतात. त्यापेक्षा घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवलं की उंटाला लांब तिरकी रेषा लगेच मिळते. म्हणून देशी खेळाडू प्याद्यांची बुटकी भिंत बांधायचा, उंट तिच्यामागे कोपऱ्याजवळ बसवायचा आणि धीराने वाट बघायचा. ही त्याची काही थिअरी वगैरे नव्हती. त्याच्या नियमांत तेच सोयीचं होतं.

म्हणजे असं बघा. कापाब्लांकाच्या त्या दिवशीच्या पहिल्या आठ चालींतलं कॅसलिंग सोडलं, तर बाकी सातही चाली आमच्या आजोबांच्या नियमांत बसतात! समोर रेटीने मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या चालीलाच दोन-दोन घरं उडवली होती, तो बाद. :-)

योगायोग? पूर्ण योगायोग नाही. काळ्याच्या या मांडणीला बुद्धिबळाच्या पुस्तकांत काय म्हणतात माहितीये? 'इंडियन'. वजिराच्या प्याद्यासमोर घोडा काढून जी६ खेळलं की 'किंग्ज इंडियन', बी६ खेळलं की 'क्वीन्स इंडियन'. आणि पांढऱ्याच्या सी४ ला म्हणतात 'इंग्लिश', कारण हॉवर्ड स्टॉन्टन या इंग्रजाने १८४३ मध्ये पॅरिसला सेंट-अमांविरुद्धच्या सामन्यात ते खेळून दाखवलं. म्हणजे न्यूयॉर्कच्या हॉटेलात एक चेकोस्लोव्हाक आणि एक क्यूबन बसलेत, आणि पटावर इंग्लिश विरुद्ध इंडियन!

हे 'इंडियन' नाव आलं कुठून, त्याची गोष्ट कलकत्त्याची आहे. जॉन कॉक्रेन नावाचा एक बॅरिस्टर तिथे वकिली करायचा. तो त्याच्या काळातला इंग्लंडमधल्या अव्वल खेळाडूंपैकी एक. १८४८ च्या सुमारास कलकत्त्याच्या मंडळींना कळलं की बंगालच्या एका खेड्यात एक ब्राह्मण आहे, त्याला म्हणे आजवर कोणी हरवलेलं नाही. त्याचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. त्याला युरोपियन नियम नीट माहीत नव्हते. कॉक्रेनशी गाठ पडली, तो नवे नियम शिकला आणि पुढे दोघं वर्षानुवर्षं खेळत राहिले. कॉक्रेन जास्त जिंकला, पण महेशचंद्र जिंकायचा तेव्हाही नीट जिंकायचा. आणि नवे नियम शिकूनही त्याने जुनी सवय सोडली नाही: जी६, डी६, उंट कोपऱ्याजवळ.

१८५५ च्या त्यांच्या एका डावात महेशचंद्र ज्या चाली खेळला, त्याच चाली १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डने स्पर्धेत खेळल्या आणि त्या सुरुवातीला नाव पडलं 'ग्रुनफेल्ड डिफेन्स'. मधे सदुसष्ट वर्षं. 'इंडियन डिफेन्स' हा शब्द १८८४ मध्ये छापलेला सापडतो, तोही महेशचंद्रच्या खेळावरून. म्हणजे सगळ्या घराण्याला मिळालं देशाचं नाव आणि त्यातल्या एका शाखेला मिळालं व्हिएन्नाच्या माणसाचं. महेशचंद्रचं नाव कुठल्याच सुरुवातीला नाही.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. आपल्याकडे अशा ठिकाणी लगेच 'बघा, सगळं आपल्याकडूनच चोरलं' सुरू होतं. ते मला पटत नाही. रेटीने उंट कोपऱ्याजवळ ठेवला तो प्यादं एकच घर जातं म्हणून नव्हे. त्याच्या प्याद्याला दोन घरं मोकळी होती; ती न वापरण्यातच त्याचं डोकं होतं. देशी खेळाडूला तो रस्ता नियमाने बंद होता. एकच आउटपुट दोन वेगळ्या प्रोग्राममधून आलं म्हणून सोर्स कोड चोरला असं होत नाही. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. युरोपात जेव्हा या चालींना 'विचित्र' म्हणत होते, तेव्हा इथे लाखो लोक रोज संध्याकाळी तशाच मांडण्या करत होते आणि त्यातले बारकावे त्यांना हाताच्या बोटांइतके माहीत होते. फिलिप सार्जंट या इंग्रज लेखकाने १९३४ मध्ये हे मोकळेपणाने मान्य केलंय की युरोपियन खेळाडूंना या बचावांची गोडी महेशचंद्र आणि इतर भारतीयांच्या उदाहरणाने लागली, आणि भारतीयांना त्या मांडण्या स्वतःच्या खेळातून वारशाने मिळाल्या होत्या.

असो. डावाकडे परत येऊ. तो अजून आरशात अडकलाय.

सममित डावातली गंमत अशी की काळ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत, समोरचा जे करतो ते आपण करायचं. पण नक्कल करणारा कायम एक चाल मागे असतो. पांढऱ्याने शह दिला तर काळ्याला नक्कल करता येत नाही, आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून कधीतरी आरसा फोडावाच लागतो. प्रश्न एवढाच, की कोणी आणि कुठे फोडायचा.

कापाब्लांकाने तो नवव्या चालीला ई५ ने फोडला. वावगं काही नव्हतं त्यात. खरी गडबड झाली तेराव्या चालीला. त्याने सी प्यादं दोन घरं पुढे, सी५ वर टाकलं. रेटीने शांतपणे बी प्यादं बी५ ला सरकवलं. आता काळ्याच्या डी६ प्याद्याकडे बघा. आधी त्याच्या मागे सी७ चं प्यादं राखण करत उभं होतं. ते पुढे निघून गेलं आणि डी६ उघडं पडलं. प्यादं मागे येत नाही, हा नियम परभणीतही तोच आणि न्यूयॉर्कमध्येही तोच.

सोळाव्या चालीला रेटीने डी४ खेळून मध्य फोडला. इतका वेळ दुरून बघत बसलेला बी२ चा उंट एकदम कामाला लागला. धडाधड मारामारी झाली आणि तेविसाव्या चालीला रेटीच्या हत्तीने डी६ चं ते प्यादं खाल्लं. हत्ती तिथेच बसला. पुढच्या चालीला दुसरा हत्ती त्याच्या मागे डी ओळीत आला. त्यानंतर कापाब्लांकाचा वजीर एकटाच इकडून तिकडे: सी५, एच५, ई५, परत सी५. बस-स्टँडवर गाडी चुकलेल्या माणसासारखा. रेटीचे घोडे तेवढ्यात सी६ आणि ई३ वर येऊन बसले. एकतिसाव्या चालीला मागचा हत्ती डी५ वर आला, थेट वजिराच्या बाजूला. त्या वजिराला जायला एकही धड घर नाही. प्रत्येक घरावर कोणीतरी टपून बसलंय. कशीही सुटका करायची म्हटली तरी किमान एक मोहरा जाणार. कापाब्लांकाने डाव सोडला.

आता शेवटचा पट मोजा. पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, दोन घोडे, पाच प्यादी. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, दोन घोडे, पाच प्यादी. चारही उंट एकमेकांना खाऊन संपलेले. म्हणजे आठ वर्षं न हरलेला जगज्जेता हरला तेव्हा दोघांकडचं सामान अगदी सारखं होतं! मोजणीत बरोबरी, आणि पटावर एकाचे सगळे मोहरे कामावर तर दुसऱ्याचे अडकलेले. प्रोजेक्ट मॅनेजर लोकांनी हा पट फ्रेम करून टेबलावर ठेवायला हरकत नाही.

त्या स्पर्धेत पहिला आला म्हातारा इमान्युएल लास्कर, वीसपैकी १६ गुण. कापाब्लांका १४½ वर दुसरा, रेटी १०½ वर पाचवा. रेटी पुढे पाचच वर्षं जगला, १९२९ मध्ये गेला. पण त्या एका डावानंतर बगलेच्या सुरुवातींना कोणी पोरकट म्हटलं नाही.

आणि कापाब्लांकाचं इंडियन प्रकरण तिथेच संपलं नाही. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याच्यासमोर पंजाबातून आलेला मीर सुलतान खान बसला. हा माणूस देशी नियमांवर वाढलेला. युरोपियन नियम शिकून त्याला जेमतेम काही वर्षं झाली होती. कापाब्लांकाने काळ्या सोंगट्यांनी कोणता बचाव निवडावा? क्वीन्स इंडियन! हिंदुस्थानी माणसासमोर इंडियन बचाव, आणि पासष्ट चालींत हरला. सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश अजिंक्य झाला, मग देशी परतला. 'फिडे'ने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला २०२४ मध्ये. तो जाऊन तेव्हा अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

ही फिडे, म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना, स्थापन झाली २० जुलै १९२४ ला पॅरिसमध्ये, रेटीच्या डावानंतर चार महिन्यांनी. पुढे तिचेच नियम जगभर चालले. भारतात राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये आली आणि १९५५ ला एलुरूमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यात आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. तिथून महाराष्ट्रात खाडिलकर भगिनी, प्रवीण ठिपसे, अभिजित कुंटे, विदित गुजराथी अशी रांग लागली. २८ जुलै २०२५ ला नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. तिची प्रत्येक चाल त्याच क्षणी जगभरच्या स्क्रीनवर दिसत होती. एकच प्रोटोकॉल असण्याचा फायदा हा. दोन घरांचं प्यादं नसतं तर दिव्या जगाशी खेळूच शकली नसती, त्यामुळे देशी नियम गेले म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

माझी हळहळ वेगळी आहे. महेशचंद्र आज आपल्याला माहीत आहे, तो कॉक्रेनने डाव लिहून ठेवले म्हणून. लिहिणारा तो होता, हा नव्हता. मुंबईत १८१४ मध्ये तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक छापलं गेलं. त्यांनी मुळात ते संस्कृतात रचलं होतं, पण छापलं ते इंग्रजीत, युरोपियन खेळाला जुळवून घेऊन. म्हणून तेही माहीत आहेत. बाकी सगळा दख्खन, वाड्यांच्या ओसऱ्या, देवळांचे पार, तिथे दोनशे-तीनशे वर्षं जे डाव झाले असतील त्यांची लॉग फाइलच नाही. आमच्याकडे चाली लिहायची पद्धतच नव्हती. डाव संपला की सोंगट्या पिशवीत आणि विषय बंद. त्यात एखादा रेटी असेल, एखादा कापाब्लांका असेल. असेल म्हणजे काय, असणारच. एवढी माणसं एवढी वर्षं खेळत होती.

आजोबा आता नाहीत. त्यांचे नियम मला आठवतात, पण त्यांचा एकही डाव चालीनिशी आठवत नाही. त्यांच्या पिढीतले जे उरलेत ते ऐंशी-नव्वदीत आहेत. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी, कुठेही असोत. तुमच्या घरात असं कोणी असेल तर एक काम करा. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की पट मांडा, त्यांच्या नियमांनी एक डाव खेळा आणि मोबाइल बाजूला ठेवून वहीत चाली लिहा. उंट कुठे ठेवतात ते बघा. राजाची उडी कधी वापरतात ते विचारा. डाव हरलात तरी चालेल, वही जपून ठेवा.

आणि वेळ मिळाला तर रेटीचा डावही मांडून बघा. पहिल्या नऊ चाली वर दिल्याच आहेत, पुढच्या बावीस नेटवर सापडतील.